बारावी मूठ

परातीत गव्हाचे बारा ढीग होते. चैतालीनं ते आधी डावीकडून मोजले, मग उजवीकडून. दोन्ही वेळा बाराच भरले. परात काट्यावर ठेवून तिनं रिकाम्या परातीचं वजन वजा केलं. गहू सातशे सव्वीस ग्रॅम होते. कागदावर तिनं घरातल्या पुरुषांची नावं लिहून ठेवली होती, पप्पांपासून अजून बारसं न झालेल्या बाळापर्यंत. ती अकरा होती.

"आजी, एक ढीग जास्त आहे."

"जास्त नही. बरोबर शे," सीताआजी म्हणाली आणि हाताला चिकटलेले दोन दाणे तिनं बाराव्या ढिगावर झटकले.

रविवारी घरात कानबाई देवी बसणार होती. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे, ही बोरशांच्या घरातली रीत. गाव सोडून सुरतेत उधन्याला आल्यावरही आजीनं ती एक वर्ष चुकवली नव्हती. हे काम ती एकटीच करायची, दार लोटून. यंदा मात्र तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, काळा चष्मा लागला होता आणि डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती. म्हणून मूठ आजीची आणि मोजणी चैतालीची अशी वाटणी झाली. चैताली केमिस्ट्रीत एमएस्सी झालेली. मोजायला बसली की तिला अर्धवट सोडता यायचं नाही.

"बरोबर कसं? नावं अकराच आहेत. बारावी मूठ कोणाची?"

"तुना आजानी."

दारात चपला काढत असलेल्या पुष्पाआत्यानं हे ऐकलं. ती भेस्तानहून रिक्षानं आली होती, हातात पुरणाच्या डाळीची पिशवी होती. ती पिशवी तिनं खाली ठेवली नाही.

"कोणाची म्हणाली ती?"

"आजोबांची," चैताली म्हणाली.

"आई, दादा जाऊन चौदा वर्षं झाली. गेलेल्या माणसाच्या नावानं रोटाची मूठ काढतं का कोणी? आणि हे तू दर वर्षी करतेस?"

"कोन मरेल शे?" आजी शांतपणे म्हणाली. "परदीपना पुस्तकमा तो रोज कामवर जास. पोरगी वाचस, मी आयकस. मागला भागमा त्याले सर्दी व्हयेल व्हती."

पुष्पाआत्या चैतालीकडे बघायला लागली, जणू हा तिच्या काट्याचाच दोष होता.

चैतालीच्या पप्पांच्या, प्रदीप श्रीपत बोरसे या नावाची उधन्यात दोन प्रकारे ओळख होती. जुन्या लोकांसाठी तो डाइंग मिलच्या फोल्डिंग खात्यात बावीस वर्षं कापडाचे ताके तपासणारा प्रदीप. बाकीच्यांसाठी भुतांची पुस्तकं लिहिणारा. पहिली कादंबरी त्यानं ताक्यांना लावायच्या चिठ्ठ्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहिली, एका चिठ्ठीवर नऊ ओळी. पुण्याच्या दोन प्रकाशकांनी ती परत केली. एकानं सोबत सल्लाही दिला की कथा कोकणात न्या, सुरतेत भुतं शोभत नाहीत. प्रदीपनं त्याला पोस्टकार्ड टाकलं: 'आमच्याकडची भुतं बारा तासांची पाळी करतात. कोकणात जायला त्यांना रजा मिळत नाही.' ते पोस्टकार्ड फिरत फिरत तिसऱ्या प्रकाशकाच्या टेबलावर गेलं आणि त्यानं हस्तलिखित मागवून घेतलं.

तेव्हापासून अठरा पुस्तकं छापून झाली होती. पहिली अकरा सुट्या भयकथा, मग 'उलटी तापी' या मालिकेचे सात भाग. सुरतेच्या पोटात एक दुसरी तापी आहे, ती समुद्राकडून डोंगराकडे वाहते, तिच्या काठानं मेलेल्यांचे कारखाने चालतात, आणि या दोन्ही शहरांच्या सीमेवर दगा नावाचा माणूस बीम पसारत बसलेला असतो. बीम, म्हणजे उभ्या तारा गुंडाळलेला रूळ, मागावर चढण्याआधी त्यावरची एकेक तार राचेच्या डोळ्यातून आणि फणीच्या दातांमधून ओढून घ्यावी लागते; चार हजार आठशे तारा असतील तर चार हजार आठशे वेळा. श्रीपतआजोबांनी जन्मभर हेच काम केलं. ते गेले त्याच्या पुढच्या वर्षी मालिकेचा पहिला भाग आला. दगा काडी चघळत होता, नाकातल्या नाकात गुणगुणत होता आणि त्याचा डावा खांदा उतरलेला होता. घरात सगळ्यांनी त्याला ओळखलं होतं.

आठवा भाग शेवटचा. तो या आठवड्यात प्रेसला जायचा होता.

अकराच्या सुमारास हितेशकाका नाश्त्याला लोचोची पुडकी घेऊन आला. एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यातून तो सरळ इकडेच आला होता, केसांत रेशमाचे तुकडे अडकलेले होते. पुष्पाआत्यानं त्याला एका दमात सगळं सांगितलं.

"मग ठेवू दे ना मूठ," तो म्हणाला. "सव्वा मुठीनं काय बिघडतंय? आणि दगा आहेच जिवंत. माझे निम्मे कारीगर धुळ्याकडचे. जेवणाच्या सुट्टीत एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. परवा मला विचारत होते, शेठ, दगाचं पुढे काय? मी म्हटलं, माझा भाऊ आहे, आतली खबर आहे, पण सांगणार नाही."

"तुला खबर आहे?"

"जराय नाही. पण चालू मशीन कोण बंद करतं, ताई? नानाला इतकी अक्कल असेलच ने."

"नानाला आहे," गच्चीच्या जिन्यावरून आवाज आला. "म्हणूनच तो बंद करतोय."

पप्पा खाली उतरले. कानावर पेन्सिल, काखेत लांबुळकी वही. गच्चीवर पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत ते सकाळी सहाला बसायचे आणि अकराला उठायचे, मग वाक्य अर्धं राहिलं तरी चालेल. आज चेहऱ्यावर वाक्य पुरं झाल्याचं समाधान होतं.

"पंधरा पानं. दगा शेवटचा बीम पसारतो आणि पलीकडे जातो. दुपारी पाठवून देणार. प्रकाशनातल्या किरण मॅडमचा सकाळपासून दोनदा फोन आलाय."

"म्हणजे मारलास," हितेशकाका म्हणाला.

"मारला नाही. गेला. अठरा पुस्तकांत मी एकशे बारा माणसं मारली आहेत, हितेश. मारणं आणि जाणं यातला फरक मला कळतो."

"बरं झालं," पुष्पाआत्या म्हणाली. "आता आईला सांग, ती मूठ परत डब्यात टाक म्हणून. एक वाजता छगनभाईची पिठाची घंटी बंद होते. रोटाच्या दळणासाठी त्यानं सकाळीच ती धुऊन ठेवली आहे. बारा मुठी दळल्या गेल्या तर त्या पिठाचं काय करायचं?"

"कुठली मूठ?"

चैतालीनं परात त्यांच्यापुढे सरकवली आणि बाराव्या ढिगाकडे बोट दाखवलं. तिनं दोनच वाक्यांत सांगितलं, चौदा वर्षं आणि आजोबा. पप्पांनी वही काखेतून काढून गुडघ्यावर ठेवली. एकशे बारा माणसांचा हिशेब तोंडपाठ असणारा माणूस त्या ढिगाकडे बघत राहिला.

"आई," ते म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

"तू इचारं का?"

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, परत लावली. "ठीक आहे. मग दगा जात नाही. शेवटची पानं मी बदलतो. तो पसारतो आणि घरी येतो. संपलं."

"आ थई ने वात! आता बोललास," हितेशकाका म्हणाला आणि त्यानं लोचोचं पहिलं पुडकं सोडलं.

आतल्या खोलीतून जयश्री बाहेर आली. चैतालीची मम्मी. सातही भाग तिनं टाइप केले होते. ती काही बोलायला लागली की पप्पा सवयीनं चष्मा काढून पुसायला घ्यायचे.

"कुठे येतो घरी?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"सातव्या भागात तुम्ही त्याचं घर पाण्याखाली घातलंत. पान दोनशे सहा. तिसऱ्या भागात तो म्हणतो की ज्याचा बीम संपला त्यानं जागा अडवू नये. हे वाक्य तुम्ही मला दोनदा टाइप करायला लावलंत, शब्द आवडला नाही म्हणून. आठ वर्षं सांगताय की हा माणूस जाणार. आता त्याला परत आणाल तर तो दगा नसेल, दुसराच कोणीतरी असेल. आणि ते आईंनाही कळेल. त्या माझ्यापेक्षा नीट ऐकतात."

"वहिनी, पण आईचा विचार कर ना," हितेशकाका म्हणाला.

"आईंचाच करतेय."

चैतालीनं मनातल्या मनात मोजलं. पाच मिनिटांपूर्वी पप्पा आणि आत्या एका बाजूला होते, काका आणि आजी दुसऱ्या. आता पप्पा काकाच्या बाजूला गेले होते आणि मम्मी आत्याच्या. दोघं इकडे, दोघं तिकडे. आजीचं मत सगळे गृहीत धरत होते आणि आजी काळ्या चष्म्याआड बसली होती. तिचे डोळे उघडे आहेत की मिटलेले, हेही कोणाला दिसत नव्हतं.

"आजीला कोणी विचारलं का?" चैताली म्हणाली.

कोणीच विचारलं नव्हतं.

"वाच," आजी म्हणाली. "आयकस, मंग सांगस."

चैतालीनं वही घेतली. गेले सात भाग ती आजीला याच ओट्याजवळ बसून वाचून दाखवत आली होती, पप्पांच्या मराठीतून आजीच्या अहिराणीत जाता येता. आजीला भुतांची भीती कधी वाटली नाही. ती फक्त अधूनमधून विचारायची, त्यांनं जेवन व्हयनं का?

पहिल्या बारा पानांत उलटी तापी फुगली, कारखान्यांचे दिवे एकामागून एक विझले आणि शेवटचा बीम सीमेवर येऊन ठेपला. पप्पा भिंतीला टेकून स्वतःचं वाचन ऐकत होते. बाराव्या पानानंतर त्यांच्या कपाळावर नेहमीसारखी आठी आली. इथे काहीतरी सैल आहे हे त्यांना माहीत होतं. तीन आठवडे ते हीच पानं परत परत लिहीत होते.

"'दगा एकटाच बीमसमोर बसला,'" चैतालीनं वाचलं. "'दोन्ही शहरांत दुसरं कोणी जागं नव्हतं. त्यानं आकडी फणीतून आत घातली आणि पहिली तार ओढली...'"

आजीनं हात वर केला.

"एकला?"

"हो, एकटाच."

"मांगे कोन शे?"

चैतालीनं पान वर-खाली पाहिलं. "मागे कोणी नाही."

"मंग तार कोन दी राहिनं?"

हितेशकाकाचा लोचोचा घास हातातच राहिला. पप्पा भिंतीपासून सरळ झाले.

"आई, ही गोष्ट आहे," ते म्हणाले. "उलटी नदी आहे, मेलेली माणसं आहेत."

"नदी उलटी राहू दे. बीम ते खरा शे ना?" आजी म्हणाली. "एकला मानूस बीम पसारी शकस नही. एक पुढे बठस, एक मांगे. मांगेना मानूस तार येगळी करीसन आकडीवर ठेवस. मंग पुढेना खेचस. तार कोनी दिनीच नही, ते आकडीमा काय येई? हवा?"

"मागे हाताखालचं माणूस असतं, ते मला माहीत आहे..."

"हाताखालनं नही. मांगेनं."

"मग दादांच्या मागे कोण असायचं?"

"मी," आजी म्हणाली.

पप्पांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. लहानपणी ते रोज दुपारी वडिलांचा डबा घेऊन कारखान्यात जायचे. आई सकाळीच कामाला गेलेली असायची. कुठल्या कामाला, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. दारातून आत गेलं की समोर वडिलांची पाठ आणि त्यांच्यापुढे हजारो तारांचा पडदा. त्या पडद्यापलीकडे कोण बसलंय ते दारातून दिसायचं नाही. डबा ठेवून ते परत फिरायचे.

"खरं आहे," पुष्पाआत्या म्हणाली. तिनं डाळीची पिशवी आता कुठे खाली ठेवली. "शाळा सुटली की मी तिथंच जायची, मागच्या दारानं. आई तार उचलायची, आणि पलीकडून दादांची आकडी यायची. दोघं बोलायचे नाहीत. आकडी यायची, तार जायची. आकडी यायची, तार जायची. मी तिथंच झोपायची." ती भावाकडे वळली. "प्रदीप, तू एवढी पुस्तकं लिहिलीस आणि तिला मागून काढून टाकलंस?"

"मला दिसलीच नाही, ताई."

"मम्मी," चैताली म्हणाली, "सात भागांत दगा किती वेळा पसारणी करतो, ते कॉम्प्युटरवर शोधता येईल?"

जयश्री आत गेली. सगळे तिच्या कीबोर्डचा आवाज ऐकत राहिले.

"एक्केचाळीस," ती आतून म्हणाली. "सगळीकडे एकटाच."

"एक्केचाळीस वेळा हवा खेचली भाऊनं," हितेशकाका म्हणाला, "आणि माझे कारीगर टाळ्या वाजवत होते."

पप्पा हसले नाहीत. पण त्यांच्या कपाळावरची आठी गेली होती. चैतालीला ती खूण माहीत होती. एखादा प्रयोग पाच वेळा चुकल्यावर चूक आपल्या हातात नसून नळीलाच तडा आहे हे कळतं, तेव्हा आपलंही असंच होत असेल, असं तिला वाटलं.

"चुकलो नाही," ते हळूहळू म्हणाले. "सात भाग आपण त्याला दारातून पाहिलं. दारातून तो एकटाच दिसतो. आठव्या भागात आपण मागच्या दारानं जायचं." त्यांनी वहीचं कोरं पान उघडलं आणि ते आजीसमोर जमिनीवर बसले. "आई, तार कुठल्या हातात धरायची?"

"डावामा. उजवानी येगळी कराची."

"आकडी आलेली दिसते?"

"दिसस नही. लागस. बोटले."

"आणि शेवटची तार ओढून झाली की?"

आजीनं जरा आठवून पाहिलं. "तो उठे. खांदा सरळ करे नि चा पेवाले जाये. मंग मी पुढे यीसन गाठी पाहू, एखांदी तार सुटी राहिनी का. मंग बीम उचलेत."

"तो जायचा आणि तू पुढे यायचीस."

"मंग? गाठी कोन पाही?"

पप्पा उठले. घड्याळात अकरा पन्नास झाले होते. जिना चढता चढता त्यांनी किरण मॅडमना फोन लावला आणि सांगितलं की पंधरा नाही, अठरा पानं येतील, चारपर्यंत येतील, आणि कव्हरवर दगाचं चित्र पुढच्या दारातून पाहिल्यासारखं असेल तर चित्रकाराला थांबवा.

खाली परात तशीच होती. पुष्पाआत्या डाळ निवडायला बसली. ती हळूच म्हणाली, "ठेव बाई, आई. तुला वाटत असेल तर ठेव मूठ. मी काही बोलणार नाही." आणि लोचो संपवत हितेशकाका म्हणाला, "नाही ताई, तू सांगितलं ते बरोबर होतं. रीत म्हणजे रीत." दोघांनी एकमेकांची बाजू घेतली होती आणि ते दोघांनाही कळलं नव्हतं. चैतालीनं घड्याळ पाहिलं. बारा दहा.

बारा पस्तीसला पप्पा खाली आले. पानं त्यांनी चैतालीकडे दिली नाहीत. आजीसमोर मांडी घालून ते स्वतःच वाचायला लागले. आता बीमच्या मागे एक बाई होती. ती कोण, कुठून आली, हे दगानं कधी वळून पाहिलं नव्हतं, कारण तारांमधून मागचं दिसत नाही. पण गेले सात भाग त्याच्या आकडीला दर वेळी एक तार लागत आली होती आणि त्याला वाटत होतं की ती आपोआपच लागते.

"'चार हजार आठशेवी तार,'" पप्पांनी वाचलं. "'आकडी आत गेली. पलीकडच्या बोटांनी तिच्यावर तार ठेवली, पण लगेच सोडली नाही. दगाला पहिल्यांदाच कळलं की पलीकडे कोणीतरी आहे. त्यानं आकडी ओढली नाही. तो थांबला. मग पलीकडची बोटं सुटली आणि तार आली. दगा उठला. त्यानं खांदा सरळ केला आणि चहा प्यायला म्हणून तो गेला. बाई तारांच्या मागून पुढे आली आणि तिनं एकेक गाठ पाहिली. एकही तार सुटी नव्हती.'"

त्यांनी वही मिटली. आतल्या दारात जयश्री उभी होती. तिनं पदरानं चष्मा पुसला आणि पानं मागायला हात पुढे केला.

आजीनं मान वहीच्या दिशेनं वळवली.

"चा पेवाले गया?" तिनं विचारलं.

"हो, आई."

"साखर कमी टाकाले सांग. डाक्टरनी सांगेल व्हतं त्याले."

"लिहितो."

"नि ती बाईनं नाव काय शे?"

"दिलं नाही. देऊ?"

"नको," आजी म्हणाली. "तीले बहू काम शे. नाव देशी ते लोके बोलाले येथीन."

मग तिनं हात पुढे केला. चैतालीनं परात तिच्याजवळ सरकवली आणि गव्हाच्या डब्याचं झाकण काढलं. आजीनं चाचपत बाराव्या ढिगावर हात ठेवला. सव्वा मूठ एका मुठीत मावत नाही, म्हणून तिला दोनदा हात घालावा लागला. दुसऱ्या खेपेला तिनं परातीच्या तळावरून बोट फिरवून उरलेले दाणेही गोळा केले आणि डब्यात सोडले. पुष्पाआत्यानं झाकण लावलं. हितेशकाका दळणाची पिशवी घेऊन दारात उभा राहिला. एकला दहा मिनिटं कमी होती.

"मोज आते," आजी म्हणाली.

चैतालीनं डावीकडून मोजलं, मग उजवीकडून. परात काट्यावर ठेवली, रिकाम्या परातीचं वजन वजा केलं आणि कागदावर लिहिलं.

अकरा ढीग. सहाशे साठ ग्रॅम.